मुंबई–लंडन: जाताना दहा तास, येताना नऊ, मग अंतर नक्की किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील पंचाहत्तरीचे, पहिल्यांदाच एकटे मुंबईहून लंडनला लेकीकडे निघालेत. लेकीने नेटवर अंतर पाहिलं, ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर आठ तास व्हायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना दहा तास आणि परतीचे नऊ. शिवाय विमानाचा माग दाखवणारं ॲप ७,५०० किलोमीटरच्या आसपासचा आकडा दाखवतं. यातलं खरं काय, आणि हीथ्रोला घ्यायला नक्की किती वाजता जायचं?

मी पंचवीसेक वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम करतोय. विमान उडण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि वेळ ठरवणारा कागद आम्ही तयार करतो, त्यावर कॅप्टनची सही होते आणि मग पुढचं सगळं हलतं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या पोळीभाजीचा आहे. तुमचे सगळे आकडे बरोबर आहेत. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे.

आधी ७,२०० घेऊ. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं लंडनवर धरून ताणा. दोरा जिथे बसेल तो सगळ्यात जवळचा रस्ता, आणि त्याचीच लांबी ७,२०० किलोमीटर. आमच्या भाषेत सुमारे ३,८९० नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आता दोरा कुठून जातो ते बघा. मुंबईहून तो वायव्येला निघतो आणि कराचीच्या जवळून जातो. ज्या कराचीहून १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी टपालाची पोती घेऊन आपलं छोटं पुस मॉथ विमान जुहूला उतरवलं, तीच कराची. तिथून अफगाणिस्तानचा नैर्ऋत्य कोपरा, पूर्व आणि उत्तर इराण, कॅस्पियन समुद्राचा काठ, कॉकेशस, क्रिमिया, युक्रेन, दक्षिण पोलंड, जर्मनी आणि मग लंडन. मुंबई सोडताना वायव्येला असलेलं विमानाचं नाक या रस्त्याने लंडनला पोचेपर्यंत जवळपास सरळ पश्चिमेला वळलेलं असतं, आणि वैमानिकाने मुद्दाम वळवलेलं नसताना. गोलावरचा सरळ रस्ता असाच असतो.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारलीत तर ती वेगळीच जाईल: ओमानच्या आखातावरून, इराक, सीरिया, तुर्कस्तान, क्रोएशिया असं करत. शाळेतल्या नकाशावरची ही रेघ गोलावर मोजली तर साधारण ७,४०० किलोमीटर भरते, म्हणजे दोऱ्यापेक्षा २०० किलोमीटर जास्त. म्हणून आम्ही नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतो की भिंतीवरच्या नकाशावर विश्वास ठेवू नका.

आणि नेमकी इथेच गंमत आहे. आजघडीला मुंबईहून लंडनला जाणाऱ्या बऱ्याच विमानांचा खरा मार्ग त्या अचूक दोऱ्यापेक्षा या चुकीच्या रेघेच्या जास्त जवळ असतो. कारण दोऱ्याखालची आकाशं एकेक करून बंद झाली. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून १६ जुलैपर्यंत हद्द बंद ठेवली होती. मग पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद केली आणि महिन्या-महिन्याने मुदत वाढवत नेली. यातला 'भारतीय विमानांसाठी' हा शब्द महत्त्वाचा आहे. ब्रिटिश नोंदणीचं विमान त्या हद्दीतून जाऊ शकतं, आपलं जाऊ शकत नाही. म्हणजे एकाच रात्री, एकाच धावपट्टीवरून, एकाच शहराला निघालेल्या दोन कंपन्यांच्या विमानांचं अंतर वेगवेगळं असू शकतं. 'मुंबई–लंडन अंतर किती' असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारतो, विमान कुणाचं?

तरी मुंबईकर नशीबवान. आपल्याला समोर अरबी समुद्र मोकळा आहे, बाजूने निघून ओमानकडे सरकता येतं. दिल्लीच्या विमानाला युरोपला जायचं तर आधी खाली दक्षिणेला येऊन समुद्र गाठावा लागतो. त्यांचा तासाभराच्या आसपास वेळ नुसता वळसा घालण्यात जातो.

१३ जून २०२५ चा दिवस आमच्या धंद्यात कुणी विसरणार नाही. पहाटे इराणचं आकाश अचानक बंद झालं. मुंबईहून लंडनला निघालेलं विमान काही तास उडून परत मुंबईलाच आलं. प्रवाशांच्या दृष्टीने अंतर शून्य आणि वेळ वाया. अशा वेळी टेबलावर काय चालतं सांगतो. समोरच्या पडद्यावर त्या भागातल्या विमानांचे ठिपके असतात. 'नोटाम', म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, येऊन पडते. प्रत्येक ठिपक्यासाठी दोनच प्रश्न: पोटात इंधन किती, आणि त्या इंधनात कुठला दुसरा रस्ता बसतो? बसत नसेल तर वळवा. पुढे नेऊन अनोळखी विमानतळावर उतरवण्यापेक्षा घरी आणलेलं पुष्कळदा बरं पडतं. तिथे प्रवाशांची सोय करता येते आणि ड्यूटीचे तास संपलेल्या वैमानिकांच्या जागी दुसरे मिळतात.

तर वळसे, ठरलेले हवाई मार्ग, उतरतानाची वळणं असं सगळं धरून ७,२०० चे साधारण ७,५०० होतात. तुमचं ॲप तेच दाखवतंय. (विमान ११ किलोमीटर उंचीवरून जातं, म्हणजे थोड्या मोठ्या वर्तुळावरून. त्याने अंतर किती वाढत असेल? एवढ्या लांबच्या प्रवासात जेमतेम १२ किलोमीटर. मुलाखतीत विचारायला छान प्रश्न आहे, बाकी उपयोग नाही.)

आता खरा मुद्दा, वारा. जाताना दहा आणि येताना नऊ का, याचं नव्वद टक्के उत्तर वाऱ्यात आहे. 'पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून' हे उत्तर आपल्याकडे लग्नाच्या पंगतीपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते चुकीचं आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेतलं विमानही. तसं नसतं तर हेलिकॉप्टर जागच्या जागी तासभर तरंगवलं असतं आणि खालून देश सरकत गेले असते.

विमान हवेत पोहतं असं समजा. त्याचा ९०० चा वेग हा हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नव्हे. साडेदहा-अकरा किलोमीटर उंचीवर आपल्या उत्तरेकडच्या पट्ट्यातून, इराण-तुर्कस्तानवरून, युरोपवरून हवेची नदी वाहते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तिचा मधला प्रवाह ताशी २०० किलोमीटरच्या वरही जातो. लंडनला जाताना आपण प्रवाहाविरुद्ध पोहतो, येताना प्रवाहाबरोबर.

हिशेब करून बघू. रस्ता ७,५०० किलोमीटर, विमानाचा वेग ९००, आणि सबंध मार्गावर सरासरी समोरचा वारा ताशी ६० किलोमीटर. जमिनीवरचा वेग उरला ८४०. वेळ लागला ८ तास ५६ मिनिटं. परतताना तोच वारा पाठीशी, वेग झाला ९६०, वेळ ७ तास ४९ मिनिटं. एक तास सात मिनिटांचा फरक इथेच पडला. आमच्या कागदावर यासाठी दोन वेगळे रकाने असतात, ग्राउंड डिस्टन्स आणि एअर डिस्टन्स. वरच्या हिशेबात ग्राउंड डिस्टन्स दोन्ही वेळेला ७,५००. पण विमानाने हवेतून कापलेलं अंतर जाताना ८,००० च्या थोडं वर आणि येताना ७,००० च्या थोडं वर. इंधन जळतं ते या दुसऱ्या आकड्याप्रमाणे. माझ्यासारख्याला कुणी झोपेतून उठवून मुंबई–लंडन अंतर विचारलं तर तो जमिनीवरच्या किलोमीटरवर बोलणारच नाही. तो म्हणेल, आज वारा काय आहे?

बरेच जण म्हणतात, जाताना गेलं ते येताना मिळालं, फिट्टंफाट. तसं होत नाही. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकलेले असता, पाठीच्या वाऱ्यात कमी वेळ, त्यामुळे तोटा पूर्ण भरून निघत नाही. ६० च्या वाऱ्यात हा घाटा चार-पाच मिनिटांचाच आहे. पण समजा सरासरी वारा १५० झाला, तर जायला १० तास आणि यायला ७ तास ९ मिनिटं. बेरीज १७ तास ९ मिनिटं. वारा नसता तर १६ तास ४० मिनिटं. अर्धा तास कायमचा गेला.

ही नदी एका जागी राहत नाही. थंडीत ती दक्षिणेला, उत्तर भारताच्या डोक्यावर येते. उन्हाळा सरता सरता हिमालयाच्या पलीकडे निघून जाते. आणि पावसाळ्यात आपल्या डोक्यावर वेगळंच काही चालू असतं. खाली नैर्ऋत्येचा वारा छत्र्या उलट्या करत असतो, पण त्याच वेळी बारा-पंधरा किलोमीटरवर वारा पूर्वेकडून पश्चिमेला वाहत असतो. जुलैत मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला सुरुवातीला कधी कधी चक्क पाठीचा वारा मिळतो. नवखा डिस्पॅचर कागद बघून दचकतो, आकडा चुकला की काय म्हणून. म्हणूनच जानेवारीचे दहा तास आणि जुलैचे दहा तास सारखे नसतात. कंपन्या हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं करतात त्यामागचं हे एक कारण.

वारा टाळता येत नाही का? थोडा येतो. जेट स्ट्रीमचा गाभा अरुंद असतो, त्याच्या बाजूने जाणारा रस्ता २०० किलोमीटरने लांब असला तरी वेळेत आणि इंधनात स्वस्त पडू शकतो. संगणक रोज रात्री दोन-चार पर्याय काढून देतो. त्यात प्रत्येक देशाचं हद्द ओलांडण्याचं भाडंही धरलेलं असतं, जे साधारणपणे अंतर आणि विमानाचं वजन यांवर ठरतं. उंचीतही खेळ आहे. पश्चिमेला जाणारी विमानं साधारणपणे ३४, ३६, ३८ हजार फुटांवर आणि पूर्वेला जाणारी ३५, ३७, ३९ हजारांवर, म्हणजे समोरासमोर येणाऱ्यांत हजार फुटांचं अंतर राहतं. भरल्या पोटाने निघालेलं विमान सुरुवातीला फार वर जाऊ शकत नाही. इंधन जळून हलकं झालं की पायरी-पायरीने चढतं. वडिलांना मध्येच इंजिनाचा आवाज थोडा वाढल्यासारखा वाटला आणि सीट किंचित मागे झुकली तर ती ही पायरी.

इंधन भरपूर भरून टाकावं, चिंता नको, असंही पुष्कळांना वाटतं. पण इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. गरजेपेक्षा एक टन जास्त भरलं तर लंडनला पोचेपर्यंत त्यातलं साधारण तीनशे किलो त्यालाच वाहण्यात जळून जातं. म्हणून हिशेब नेमका असतो: प्रवासाचं इंधन, त्यावर अनपेक्षित गोष्टींसाठी काही टक्के, लंडन बंद असेल तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि त्याच्याही पुढे अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव. त्या शेवटच्या अर्ध्या तासाला हात लावायची वेळ आली तर वैमानिकाला आणीबाणी जाहीर करावी लागते.

आता उरला आमच्या ८ तास ५६ मिनिटांतला आणि तिकिटावरच्या दहातला फरक. तिकिटावरची वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासून धरत नाहीत. विमान जागेवरून मागे ढकललं, की घड्याळ सुरू. तिकडे चाकांना चॉक्स, म्हणजे अडसर लागले, की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हीवरून एकाच वेळी विमानं उडवता येत नाहीत. मध्यरात्रीनंतर आखाती आणि युरोपची विमानं एकदम निघतात तेव्हा पंधरा-वीस मिनिटं रांगेत जातात. चढताना आणि उतरताना वेग ९०० नसतो, तिथे आणखी वीसेक मिनिटं. हीथ्रोला तर उतरण्याआधी फेऱ्या मारणं हा नेमच आहे. लंडनच्या चार कोपऱ्यांवर बोव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन अशी चार ठिकाणं आहेत, तिथे विमानं एकावर एक उंचीवर गोल फिरत नंबर लागायची वाट बघतात. सगळं मिळून एक तास-सव्वा तास. दहा तास पुरे झाले.

कंपन्या यात थोडा 'मुरंबा' भरतात हेही खरं. पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर वेळेवर, असा हिशेब जगभर चालतो, मग वेळापत्रकात दहा-पंधरा मिनिटं जास्तीची घातली की आकडेवारी छान दिसते. मला यात फसवणूक वाटत नाही. आपणही मुंबईहून पुण्याला निघताना चार तास सांगतोच की.

तुम्हाला घरबसल्या अंदाज हवा असेल तर माझी जुनी पद्धत: नेटवरच्या किलोमीटरला ८०० ने भागा, अर्धा तास मिळवा. लांबचा प्रवास पश्चिमेला असेल तर आणखी अर्धा तास वाढवा, पूर्वेला असेल तर अर्धा तास कमी करा. लंडन: ७,२०० भागिले ८०० म्हणजे नऊ, अधिक अर्धा, साडेनऊ. जाताना दहा, येताना नऊ. मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर, म्हणजे दोन तासांच्या आत-बाहेर. मुंबई–गोवा, दाबोळीपर्यंत ४२५ किलोमीटर. नुसता भागाकार केला तर अर्धा तास, पण तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास दिसतं, कारण विमान वर पोचतं न पोचतं तोच खाली यायला लागतं. अंतर जितकं कमी, तितका हा वरखर्च डोळ्यांत भरतो.

शेवटी तुमचा कामाचा प्रश्न, हीथ्रोला कधी जायचं. इथे बहुतेकांची गडबड अंतरात होत नाही, घड्याळात होते. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनची घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणून उन्हाळ्यात फरक साडेचारच. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची, पोचायची वेळ लंडनची. थंडीत रात्री अडीचला निघून सकाळी सातला पोचणार असं दिसलं की लोक साडेचार तास धरतात. त्यात साडेपाच मिळवा, दहा झाले.

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. आमच्या टेबलावरचं घड्याळ कायम ग्रिनिचच्या वेळेवर चालतं, त्याला झुलू म्हणतात, दिवसभर आम्ही झुलूतच बोलतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी रात्री मामीला विमानात बसवलं आणि तिकडच्या मामेभावाला घाईत तोंडी हिशेब करून फोनवर सांगितलं, 'आठला उतरेल.' साडेचार तासांचा फरक डोक्यात पक्का बसलेला. त्या रात्री तिकडची घड्याळं एक तास मागे गेली. विमान अगदी वेळेवर, त्यांच्या सातला उतरलं. मामेभाऊ माझ्या सांगण्याप्रमाणे आठला निघाला नाही, पोचला, तेवढंच नशीब. तोवर मामी सामान घेऊन बाकावर बसलेली, डब्यातल्या दशम्या उघडून. 'विमानवाला ना रे तू?' हे ती अजून चारचौघांत विचारते.

तर तोंडी हिशेब करू नका. विमान निघाल्यावर ॲपमध्ये अपेक्षित उतरण्याची वेळ बघा, तीही निघून दोन-तीन तास झाल्यावर बघा, तोवर वाऱ्याचा खरा अंदाज आलेला असतो. उतरल्यापासून इमिग्रेशन, सामान आणि वडिलांची व्हीलचेअर धरून बाहेर यायला तास-दीड तास लागतो, त्यामुळे विमान टेकल्यावर अर्ध्या तासाने तुम्ही दारात असलात तरी चालेल. व्हीलचेअर मागितली नसेल तर आजच मागा. हीथ्रोला चालणं फार आहे.

वडिलांच्या गोळ्या ठरावीक तासांच्या असतील तर त्यांच्या मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्या वेळेवरच राहू द्या आणि डॉक्टरांना विचारून त्या दिवसाच्या वेळा कागदावर लिहून द्या. आणि थंडीत जात असतील तर एक आधीच सांगून ठेवा. अडीचच्या विमानाने निघाले की ते रात्रीबरोबरच पश्चिमेला जाणार. दहा तास झाले, पोट म्हणेल दुपारचे साडेबारा, आणि खिडकीबाहेर तरी मिट्ट काळोख असेल. जानेवारीच्या सुरुवातीला लंडनला सूर्य आठनंतर उगवतो.